विश्लेषण : माळ्यावरची रेकॉर्ड ७८ची, ४५ची की ३३ची? तबकडीचा वेग आणि आकार गाण्याचा वेळ व आवाज कसा ठरवतो?

दिवाळीच्या आवराआवरीत जामनेरला मामांच्या घरचा माळा उघडला आणि एका पत्र्याच्या ट्रंकेतून तीन तऱ्हेच्या रेकॉर्ड निघाल्या. काही जेवणाच्या ताटलीएवढ्या, जाड आणि चांगल्याच जड. काही बशीपेक्षा थोड्या मोठ्या, हलक्या. आणि चार-पाच परातीसारख्या, रंगीत कव्हरातल्या. सोबत आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर. त्याच्या बटणाभोवती १६, ३३, ४५, ७८ असे आकडे.

मामांचा प्रश्न साधाच होता. ‘‘ही एवढी जड रेकॉर्ड तीन मिनिटांत संपते, अन् ती पातळ वीस मिनिटं वाजते. असं कसं रे भो?’’

मामींची तक्रार वेगळी होती. आजोबा रोज सकाळी लावत असत ती अभंगांची एक लहान रेकॉर्ड मामांनी शहरातल्या एका दुकानातून मोबाइलवर घेऊन आणली होती. पैसे दिले, फाइल आली. पण मामींनी ती ऐकली आणि म्हणाल्या, ‘‘हे ते बुवा नाहीत. हा तर कुणी पोरगा गातोय.’’

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. तबकडी किती मोठी आणि ती किती वेगाने फिरते, यावरून तिच्यावर किती वेळ मावणार आणि तो किती स्वच्छ ऐकू येणार हे ठरते. घरात अशी ट्रंक असेल तर हे समजून घेतलेले बरे, कारण चुकीच्या वेगाने गाणे बिघडते आणि चुकीच्या सुईने रेकॉर्ड कायमची जाते.

वीस मिनिटे मावतात कशी?

तबकडीवर गोल गोल शेकडो रेघा दिसतात, पण प्रत्यक्षात खाच एकच असते. बाहेरच्या कडेपासून आतल्या लेबलपर्यंत सलग गुंडाळत गेलेली. सुई त्या खाचेतून चालते आणि खाचेच्या भिंतींवर कोरलेल्या नागमोडी वळणांनी थरथरते. ती थरथर म्हणजेच गाणे.

त्यामुळे वेळेचा हिशेब शाळकरी आहे. खाचेचे एकूण फेरे किती, ते मोजा आणि मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी भागा. मिनिटाला होणाऱ्या या फेऱ्यांनाच आरपीएम म्हणतात.

मामांच्या ट्रंकेतली जड रेकॉर्ड दहा इंची, ७८ फेऱ्यांची. तिच्यावर खाचेला मिळणारा पट्टा साधारण सात सेंटिमीटरचा आणि एका सेंटिमीटरमध्ये सुमारे ३५ फेरे. म्हणजे एकूण २४५ च्या आसपास. भागिले ७८, उत्तर तीन मिनिटांहून थोडे जास्त. आता परातीएवढी, बारा इंची एलपी घ्या. पट्टा साडेआठ सेंटिमीटर, पण एका सेंटिमीटरमध्ये फेरे सुमारे ८०. एकूण ६८०. आणि तबकडी फिरते मिनिटाला फक्त ३३⅓ वेळा. उत्तर वीस मिनिटे. या एका बाजूची खाच उलगडून सरळ अंथरली तर ती चारशे मीटरहून लांब भरेल.

एलपीची करामत आकारात फारशी नाही, हे यातून दिसते. पट्टा दीड सेंटिमीटरनेच वाढला. खरा फायदा दोन गोष्टींचा आहे. फेरे पावणेतीन पट मावले आणि प्रत्येक फेरा २.३ पट जास्त वेळ चालला. दोहोंचा गुणाकार साडेसहा पट होतो.

कपाशीच्या ओळी लांब लांब असतात आणि गव्हाचा पेरा दाट, हे जामनेरकरांना सांगायला नको. ७८ची खाच वर सुमारे ०.१५ मिलिमीटर रुंद असते, एलपीची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. ओळ अरुंद झाली की तेवढ्याच वावरात जास्त ओळी बसतात. (नांगराने पडणाऱ्या चरीला मराठीत ‘तास’ म्हणतात. तबकडीवरच्या चरीतूनही वेळच निघतो, हा योगायोग गमतीचा आहे.)

मग आवाजाचे काय?

इथे खळ्यातली मळणी आठवावी. ट्रॅक्टर येण्याआधी मधल्या तिवड्याभोवती बैलांची पात फिरे. सगळे बैल एकाच दावणीत, एकाच वेळी फेरा पुरा करणारे. पण तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी वळल्यासारखा चाले आणि कडेच्या बैलाला जवळपास धावावे लागे. फेरे सारखे, चाल वेगळी.

सुईचेही तसेच. बारा इंची एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. शेवटच्या गाण्यापर्यंत, लेबलजवळ, तीच चाल २१ सेंटिमीटरवर येते. प्लेअरचा वेग बदललेला नसतो. वर्तुळ लहान झालेले असते.

चाल कमी झाली की तोच आवाज कमी जागेत कोंबावा लागतो. झांजेच्या किणकिणाटात किंवा गायकाच्या ‘स’, ‘श’ या अक्षरांत सेकंदाला दहा हजार कंपनांपर्यंतचे बारीक आवाज असतात. असे एक कंपन बाहेरच्या कडेला ०.०५१ मिलिमीटर लांबीत कोरलेले असते, तर लेबलजवळ ०.०२१ मिलिमीटरमध्ये. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्याच सुमारे ०.०१८ मिलिमीटर असते. मोठ्या चाकाची गाडी लहान खड्ड्यांत न उतरता वरून निघून जाते, तशी ही सुई आतल्या खाचेतील बारीक वळणांवरून घसरत जाते. ‘स’ फिस्कटतो, झांज पत्र्यासारखी वाजते. लंबगोल टोकाच्या महागड्या सुया याच कारणासाठी निघाल्या. त्यांची कड याच्या निम्म्याहूनही बारीक असते.

दुसरी अडचण खर्जाची. तबला-डग्ग्यातील डग्ग्याचा घुमारा कोरताना खाच डावी-उजवीकडे रुंद झोके घेते आणि शेजारच्या फेऱ्यात घुसू पाहते. ते टाळायचे तर दोन फेऱ्यांत अंतर ठेवावे लागते. अंतर ठेवले की फेरे कमी, म्हणजे वेळ कमी. म्हणून एका बाजूवर तीस मिनिटे कोंबलेली एलपी हळू वाजते. आवाज वाढवावा तर सोबत खरखरही वाढते.

यावर एक युक्ती काढली गेली. रेकॉर्ड कोरतानाच खर्ज दाबायचा आणि बारीक आवाज उचलायचा. वाजवताना नेमके उलटे करायचे. १९५४मध्ये अमेरिकेतील रेकॉर्ड उद्योगाने यासाठी एक समान मोजपट्टी ठरवली आणि ती पुढे जगभर रुळली. उलटे करण्याचे काम ‘फोनो’ असे लिहिलेल्या जोडणीमागचे सर्किट करते. ते नसलेल्या स्पीकरला जुना प्लेअर थेट जोडला तर गाणे पोकळ आणि बारीक ऐकू येते. रेकॉर्ड खराब आहे असे समजून लोक ती भंगारात देतात, ती याच घोटाळ्यातून.

७८ सर्वांत वेगवान, मग आवाज सर्वांत चांगला का नाही?

चालीचा नियम लावला तर ७८ने बाजी मारायला हवी. तिच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळपास एक मीटर खाच जाते, एलपीच्या दुप्पट. पण चाल हा एक भाग झाला. तबकडी कशाची आहे हा दुसरा.

जुन्या ७८च्या रेकॉर्ड लाखेच्या. बांगड्यांची असते तीच, झाडावरच्या किड्यांपासून मिळणारी लाख. तिच्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळले जात. पूड मुद्दाम घालत, कारण ग्रामोफोनची पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, असा हेतू होता. सुई झिजे, म्हणून दर बाजूला नवी लावायची पद्धत होती. सततची ‘सर्रर्र’ ही त्या पुडीचीच. शिवाय १९२५च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंत गायकाला भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि त्या कर्ण्यातून खर्ज व बारीक आवाज दोन्ही गाळले जात. रस्ता रुंद होता, पण माल थोडा आणि खड्डे फार, अशी ७८ची अवस्था.

दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला आणि व्हिनाइल या प्लॅस्टिककडे लक्ष गेले. ते गुळगुळीत असल्याने खरखर कमी, आणि खरखर कमी म्हणून खाच अरुंद करता आली. एलपी शक्य झाली ती इथे.

तीन मिनिटांनी मराठी गाण्याचे काय केले?

नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आले आणि त्यांनी भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली. त्यात गौहरजान होत्या. गाणे संपताना त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. तबकड्या तेव्हा जर्मनीतील हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळावे, यासाठी ही सोय होती. म्हणजे आधीच तुटपुंज्या मिनिटांतले काही सेकंद नाव सांगण्यात जायचे!

मैफलीत एक राग तासभर चालतो. नाटकात बालगंधर्वांच्या पदाला ‘वन्समोअर’ मिळत जाई आणि एकाच पदावर रात्र सरकत राही. ज्यांच्या लहानपणातली काही वर्षे जळगावात गेली आणि ज्यांच्या नावाचा संगीत महोत्सव जळगावात आजही भरतो, त्या बालगंधर्वांचे गाणे आपल्यापर्यंत पोहोचले ते मात्र दहा इंची तबकडीवरच्या तीन-सव्वातीन मिनिटांतून. थाळनेरचे, म्हणजे खान्देशचे जावई असलेले दीनानाथ मंगेशकर, किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, सगळ्यांची हीच गोष्ट. आलाप गाळायचा, थेट मुखड्यावर यायचे, एक अंतरा, निवडक ताना आणि समेवर संपवायचे. मोठ्या चिजेसाठी ‘भाग १’ आणि ‘भाग २’ असे दोन बाजूंवर तुकडे करायचे. बारा इंची ७८ही निघे; तिच्यावर सव्वाचार मिनिटे मावत.

या सक्तीचे नुकसान उघड आहे. त्या काळातील गायक बढत कशी करत, एक स्वर किती वेळ धरत, हे या रेकॉर्डवरून कळत नाही. घाईघाईने गायलेले ऐकून ‘त्या काळी द्रुतच गात’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ती घाई गायकाची नव्हती, तबकडीची होती.

पण याच मापातून एक नवा प्रकारही उभा राहिला. १९३०च्या दशकात ग. न. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकांनी मराठी भावगीत घरोघरी नेले. जोशी पेशाने वकील. पुढे ते एचएमव्हीतच दाखल झाले आणि अनेक थोर गायकांची ध्वनिमुद्रणे त्यांनी करून घेतली. भावगीताचे दोन-तीन कडव्यांचे रूप आणि तबकडीची तीन मिनिटे एकमेकांना अगदी चपखल बसली. चित्रपटगीताची लांबीही तिथेच ठरली. आज मोबाइलवर गाण्याला लांबीची कसलीच अट नाही, तरी बहुतेक गाणी तीन-चार मिनिटांत संपतात. लाखेच्या तबकडीची सवय आपल्या कानांना अजून आहे, असे म्हणायला हरकत नाही.

एलपीने हा प्रश्न सोडवला का?

बराचसा. कोलंबिया कंपनीने जून १९४८मध्ये अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची बारा इंची एलपी बाजारात आणली. हा विचित्र आकडा तिने शोधलेला नव्हता. तो बोलपटांमधून आला होता. १९२६मधील व्हिटाफोन पद्धतीत फिल्मसोबत सोळा इंची तबकडी वाजत असे. फिल्मचे एक रीळ अकरा मिनिटांचे. तेवढा वेळ एका बाजूवर बसवायचा तर वेग ३३⅓पर्यंत खाली आणावा लागला. त्या तबकड्या आतून बाहेर वाजत, हेही लक्षात ठेवण्यासारखे. कारण पुढच्या मुद्द्यात त्याचा संबंध आहे.

१९५५मध्ये अली अकबर खाँ यांची सरोदवादनाची एलपी अमेरिकेत निघाली. तिची ओळख करून दिली होती व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी. एका बाजूला एक राग, आलापापासून गतीपर्यंत. भारतीय संगीताला पहिल्यांदाच श्वास घ्यायला जागा मिळाली. त्याच वर्षी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्यातील अनेक कडव्यांची लांब गाणी ७८च्या मापात बसणारी नव्हतीच. पुढे ती एलपींच्या संचात घराघरांत आली.

पण एलपीतही एक पेच राहिला आणि तो आपल्या संगीताला जरा जास्तच बोचतो. रागाचा क्रम पाहा. सुरुवात संथ, विलंबित. आवाज मोजके, तबला शांत. शेवटाकडे द्रुत, ताना, झाला, तबल्याची लग्गी, सगळ्यात दाट आणि बारीक कामाचा भाग. एलपीवर सुरुवात बाहेरच्या कडेला होते, जिथे जागा ऐसपैस आहे. आणि द्रुत येते लेबलजवळ, जिथे चाल निम्म्याहून कमी झालेली असते. जिथे जागा सर्वाधिक हवी तिथेच ती सर्वांत कमी. सतारीच्या जुन्या एलपीवर झाला सुरू होताच तारा चिरकल्यासारख्या वाटतात, त्यात नेहमीच वादकाचा किंवा सुईचा दोष नसतो. पाश्चात्त्य सिंफनीचीही हीच तक्रार, कारण तिचाही शेवट दणदणीत असतो. व्हिटाफोनसारखी आतून बाहेर वाजणारी तबकडी रागाला जास्त मानवली असती, असे मला राहून राहून वाटते. पण घरगुती प्लेअर तसे घडलेच नाहीत.

जुनी एलपी विकत घेताना एक साधी खूण पाहता येते. तबकडी उजेडात तिरकी धरा. लेबल आणि खाचेचा शेवट यांच्यामध्ये रुंद गुळगुळीत पट्टा सोडलेला असेल, तर आतल्या अडचणीच्या जागेत गाणे कोंबलेले नाही. लेबलला चिकटेपर्यंत खाच असेल, तर शेवटचे गाणे जरा सांभाळूनच ऐकावे लागेल. भावगीतांच्या एलपीवर तर हा क्रम निवडता येतो. संथ, कमी वाद्यांचे गाणे शेवटी ठेवले की काम झाले.

आणि ४५?

सात इंचाची, ४५ फेऱ्यांची तबकडी आरसीए व्हिक्टरने १९४९मध्ये आणली. एका बाजूला एक गाणे, दुसऱ्या बाजूला दुसरे. मधले भोक मोठे ठेवले होते. आपल्याकडे जास्त चालल्या त्या एका बाजूला दोन-दोन गाणी असलेल्या ईपी. आकार लहान असल्याने कडेची चाल ४० सेंटिमीटरच भरते, पण लेबलजवळही ती २५ राहते. म्हणजे लहान तबकडी एलपीच्या सुरुवातीपेक्षा कमी, पण शेवटापेक्षा चांगली वाजते. परातीएवढी तबकडी ४५ने फिरवली तर कडेला चाल ६९ सेंटिमीटरवर जाते आणि आवाज खुलतो. वेळ मात्र पंधरा मिनिटांवर येतो. हौशी मंडळी अशा रेकॉर्डसाठी जादा पैसे मोजतात ते यासाठी.

मामींचे बुवा पोरगे कसे झाले?

वेग बदलला की वेळ आणि सूर दोन्ही एकाच प्रमाणात बदलतात. दुकानदाराने तबकडी पाहिली, सात इंचाची आहे म्हणजे ४५ची असणार असे धरले आणि चालवली. पण सात इंचाच्या सगळ्याच रेकॉर्ड ४५च्या नसतात. या रेकॉर्डच्या लेबलवर बारीक अक्षरांत ३३⅓ छापले होते.

४५ भागिले ३३⅓ म्हणजे १.३५. सा आणि शुद्ध मध्यम यांचे प्रमाण १.३३ असते. म्हणजे बुवांचा षड्ज मध्यमाच्याही किंचित वर जाऊन बसला. काळी एकमध्ये गाणारा माणूस काळी तीनच्या पुढे गेला. सात मिनिटांची बाजू पाच मिनिटे दहा सेकंदांत संपली. आणि फक्त सूर चढला असे नाही. माणसाच्या गळ्याचा, तोंडाच्या पोकळीचा म्हणून एक घुमारा असतो, तोही तेवढाच वर सरकला. लहान गळ्याचा घुमारा वरचा असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की गाणारा पोरगा आहे. मामींचा कान अगदी बरोबर होता.

एवढी मोठी चूक पटकन कळते तरी. लहान चुका जास्त फसव्या. सुरुवातीच्या दशकांत ‘७८’ हा आकडा पक्का नव्हता. रेकॉर्ड सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत वेगवेगळ्या वेगांनी मुद्रित होत. काही जुन्या लेबलांवर चक्क ८० छापलेले सापडते. ७६ने मुद्रित झालेली रेकॉर्ड ७८ने वाजवली तर सूर जवळपास पाव स्वराने चढतो. जुन्या गायकांची पट्टी नेमकी कोणती, यावर जाणकार आजही वाद घालतात, त्याचे हे एक कारण. विजेच्या मोटरी आल्यावरही अमेरिकेतील ६० हर्ट्झच्या विजेवर ७८चा खरा वेग ७८.२६ होता, तर ५० हर्ट्झच्या देशांत ७७.९२. हा फरक मात्र कानाला कळण्यासारखा नाही.

बटणावरचा १६ कशासाठी?

तो १६⅔ चा. एलपीच्या नेमका निम्मा वेग. वेळ दुप्पट मिळतो, पण आवाज इतका दबतो की भाषणे, वाचन यांपलीकडे त्याचा फारसा उपयोग झाला नाही. तरीही या वेगाची एक तबकडी आपल्या सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेली आहे आणि तिच्यावर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर गात आहेत.

१९७७मध्ये ‘नासा’ने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली, बारा इंची तांब्याची तबकडी बसवली आहे. जगभरातील नव्वद मिनिटांचे संगीत, ५५ भाषांतील शुभेच्छा (त्यात मराठीही आहे), पृथ्वीवरचे आवाज आणि शंभरहून अधिक चित्रे एकाच तबकडीवर बसवायची होती. एलपीच्या वेगाने ते मावणे अशक्य होते. म्हणून वेग निम्म्यावर आणला. केसरबाईंची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही चीज त्यात साडेतीन मिनिटांची आहे. माप पुन्हा जुन्या ७८चेच. याने निघाली ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये. केसरबाई त्याच सप्टेंबरमध्ये गेल्या.

घरी ट्रंक सापडली तर काय करावे?

आधी लेबल वाचा, आकारावर विसंबू नका. वेग छापलेला नसेल आणि तबकडी जाड, जड, टिचकी मारल्यावर कौलासारखी वाजणारी असेल, तर ती लाखेची ७८ समजावी. ती वाकत नाही, पडली की फुटते.

सुईचा मुद्दा वेगापेक्षाही महत्त्वाचा. ७८च्या रुंद खाचेला जाड टोकाची सुई लागते, एलपी-ईपीला बारीक. ब्रॉडगेजचा डबा पाचोरा-जामनेरच्या जुन्या अडीच फुटी रुळांवर जसा बसला नसता, तसेच हे. बारीक सुई ७८वर लावली तर ती खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर उचलते. जाड सुई एलपीवर लावली तर खाचेच्या भिंती खरवडल्या जातात. आजोबांच्या काळातील अनेक प्लेअरवर सुईशेजारी छोटी कळ असते. ती फिरवली की दुसऱ्या बाजूची सुई खाली येते. बाजारात मिळणाऱ्या नव्या स्वस्त, सुटकेसवजा प्लेअरवर ७८चा वेग असतो, सुई मात्र बहुधा बारीकच असते. आणि चावीच्या, भोंग्याच्या ग्रामोफोनवर हौसेखातर एलपी लावून रील काढणाऱ्यांना हात जोडून विनंती : त्या पोलादी सुईचा आणि तिच्यावरच्या जड डबीचा भार व्हिनाइलला एकदाही सोसत नाही.

लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नये; अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. व्हिनाइलचा शत्रू दुसराच, आपला उन्हाळा. पारा ४४-४५ अंशांवर गेला की पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहूनही जास्त तापते आणि आडव्या रचलेल्या एलपी एकमेकींच्या भाराने वाकतात. वाकलेल्या तबकडीवर सुई चढ-उतार करते आणि लांब धरलेला स्वर हेलकावे खातो. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, घरातील सर्वांत थंड भिंतीजवळ.

मोबाइलवर उतरवून घेण्याआधी प्लेअरचा वेग तपासायला यंत्र लागत नाही. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, मोबाइलवर व्हिडीओ काढा आणि फेरे मोजा. ३३⅓ असेल तर तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे. ४५ला १३५. ७८ला अर्ध्या मिनिटात ३९.

मामांच्या प्लेअरने १०० ऐवजी १०३ घेतले. तीन टक्के म्हणजे पुन्हा पाव स्वराची चढण. खालच्या बाजूचा एक स्क्रू थोडा थोडा फिरवत दोन तास गेले, तेव्हा आकडा शंभरावर आला. मग अभंगांची रेकॉर्ड लावली. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, ‘‘हं, हे बुवा.’’

७८च्या रेकॉर्ड अजून वाजवलेल्या नाहीत. प्लेअरवरची जाड सुई झिजलेली निघाली, नवी मागवली आहे. तोवर ट्रंक माळ्यावरून खाली, देवघराच्या बाजूच्या कपाटात आली आहे आणि रेकॉर्ड तिच्यात उभ्या लावल्या आहेत.